काळीपिवळीचा हवाई थांबा

शेषरावांनी सकाळपासून तीन विमानं पाडली होती. चौथं एका झाडाच्या शेंड्याला अडकलं होतं आणि ते तिथून कसं सोडवावं या विचारात ते रिमोट छातीशी धरून खुर्चीच्या टोकावर बसले होते. भागिरथाबाईंनी चहा आणून टेबलावर ठेवला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत विचारलं,

"अंदरचा मानूस जिता हाय का?"

"अंदर मानूस नसते वं. रिमोटचं इमान हाय हे."

"मंग बरं. नाईतर कितीक जनाईचं पाप लागलं असतं तुमाले."

विमानं सगळी कॉम्प्युटरमधलीच होती. शेषरावांचा मुलगा धम्मरत्न लोकांच्या शेतांवर ड्रोननं फवारणी करून देत असे. ते काम शिकताना त्यानं हा सिम्युलेटर घेतला होता. खरं यंत्र हवेत सोडण्याआधी पडद्यावरचं उडवून हात बसवायचा, म्हणजे पडलं तरी कुणाची तूर मोडत नाही. धम्मरत्नाचा हात बसला, तो शेतात गेला. सिम्युलेटर घरी राहिला आणि शेषराव त्याच्यासमोर बसले ते बसलेच.

बसणार नाहीत तर काय करतील? हयातभर त्यांनी मालेगाव-जऊळका-शेलूबाजार अशी काळीपिवळी जीप चालवली होती. आता जीपचं वय भरलं. कागद पुन्हा होत नव्हते. ती अंगणात कडुनिंबाखाली उभी होती आणि तिच्या टपावर निंबोळ्यांचा सडा पडत होता. धम्मरत्नाला त्याच जागेवर ड्रोन न्यायचा पिकअप उभा करायचा होता. भंगारवाला लखीराम दोनदा येऊन टायरला लाथ मारून गेला होता. "येत्या गुरुवारी घेऊन जा," असं शेषराव त्याला सांगत. गुरुवार आला की त्यांना तिचं काहीतरी राहिलेलं काम आठवे. एका गुरुवारी त्यांनी तिच्या आरशाला नवा स्क्रू बसवला.

चौथं विमान झाडावर तसंच सोडून ते दुसरं निवडायला यादीत शिरले आणि खाली खाली जाताना थबकले. यादीच्या तळाशी गमतीची यंत्रं होती. एक गवत कापायची मशीन होती, ती उडत होती. झाडूवर बसलेली एक म्हातारी होती. आणि एक चक्क कुत्र्याचं घर होतं, कौलारू, दारातून कुत्र्यानं तोंड बाहेर काढलेलं. शेषरावांनी ते उडवलं. ते झकास उडालं.

"पिंकी!" त्यांनी आतल्या खोलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असलेल्या मुलीला हाक मारली. "इकडं ये. कुत्र्याचं घर उडून राह्यलं!"

"उडू द्या ना बाबा."

"कुत्र्याचं घर उडते, अन् माही गाडी काहून नाई उडत?"

पिंकी बाहेर आली. बापाचा चेहरा बघून ती हसायची थांबली. सिम्युलेटर बनवणाऱ्यांच्या पानावर 'नवं विमान सुचवा' अशी एक जागा होती. तिथं जगभरातले लोक मागण्या टाकत. बहुतेकांना लढाऊ विमानं हवी होती. पिंकीनं इंग्रजीत लिहायला घेतलं.

"बाबा, त्याइले सांगू काय का हे इमान नाई, जीप हाय?"

"कुत्र्याचं घर इमान हाय काय? तू लिव. काळी-पिवळी लिव. अन् आरसा नवा हाय थे बी लिव."

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. सिम्युलेटर बनवणारा थेओ नावाचा जर्मनीतला माणूस होता आणि लढाऊ विमानं बनवून बनवून तो विटला होता. काळीपिवळीचा फोटो बघून त्याला एवढा आनंद झाला की त्यानं नुसत्या उद्गारचिन्हांची एक ओळ पाठवली. मग प्रश्न सुरू झाले. पिंकी वाचून दाखवी, शेषराव सांगत, पिंकी लिही.

"किती लोक बसतात म्हंते."

"कागदावर नऊ."

"अन् खरे?"

"सीझन पाहून."

पिंकीनं तसंच लिहिलं. थेओनं विचारलं, सीझन म्हणजे पाऊस आणि बर्फ का? पिंकीनं कळवलं, सीझन म्हणजे लग्नसराई, तेव्हा एकोणीस.

"उड्डानाच्या आधी काय करा लागते, असं इचारते."

"भरल्याबिगर निघत नाई म्हना."

थेओला वाटलं, डिझेल भरल्याशिवाय. पिंकीनं समजावलं की डिझेल नव्हे, माणसं. शेवटची सीट भरेपर्यंत गाडी जागची हलत नाही. ड्रायव्हर इंजिन चालू-बंद करून निघाल्यासारखं दाखवतो, पण निघत नाही. यावर जर्मनी दोन दिवस गप्प राहिली. मग थेओचं उत्तर आलं की असं वागणारं विमान त्याच्या पाहण्यात नाही, पण तो प्रयत्न करील. फक्त त्याला भरलेल्या गाडीचा फोटो हवा, म्हणजे वजन कुठं किती पडतं ते कळेल.

शेलूबाजारच्या बाजाराच्या दिवशी शेषरावांनी रस्त्यावरच्या जुन्या गिऱ्हाइकांना हाका मारून अंगणात बोलावलं. शेलूबाजारचे मारोतराव आले. ते निवृत्त मास्तर. गाडी रिकामी असली तरी ते मागच्या फळीवर उभे राहूनच प्रवास करत, कारण आत बसलं की त्यांना गुदमरत असे. जऊळक्याच्या स्टेशनाजवळ चहाची टपरी चालवणारे भिवाजी आले आणि कुणी न सांगता ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. ती जागा त्यांची होती. कोंबड्यांची डालगी मांडीवर घेऊन चतुराबाई आल्या. बाकीचे रस्त्यावरून मिळाले. एकोणीस जण भरल्यावर पिंकीनं फोटो काढले.

"कायले पाह्यजे फोटू?" डालगीआडून चतुराबाईंनी विचारलं.

"बाहेर देशात पाठवाचे हायेत," शेषराव म्हणाले.

भिवाजींनी केस सारखे केले.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला तो थेओच्या पुढच्या निरोपानं. त्याला गाडीचा खालून फोटो हवा होता. विमान हवेत गेल्यावर लोकांना पोटच दिसतं, चाकं आणि सायलेन्सर कुठं आहे हे नीट दिसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. शिवाय चाकं मोकळी फिरतानाचा इंजिनाचा आवाज आणि हॉर्न हेही हवं होतं.

धम्मरत्न म्हणाला, "जॅक लावा अन् मोबाईल सरकवा खालून."

"जॅकनं वितभर उचलते. इमान वितभर उडते काय?" शेषराव म्हणाले आणि किशनकडे गेले. किशनची क्रेन होती. हायवेवर कुठं ट्रक उलटला की तो जाऊन उचलत असे. त्या दिवशी कुठंच काही उलटलं नव्हतं आणि तो कंटाळला होता.

क्रेन घरामागच्या बोळातून आली आणि कडुनिंबाच्या पलीकडे उभी राहिली. जीप झाडाखालून जरा बाजूला ढकलून किशननं तिला चारी बाजूंनी पट्टे बांधले. हॉर्न वाजवायला आणि ॲक्सिलेटर द्यायला कुणीतरी आत हवं होतं. शेषराव आपल्या जागेवर बसले. भागिरथाबाई ओसरीवरून ओरडल्या,

"अवो, या वयात कुठी चालले वर?"

"इथंच. घराच्या वरतं," शेषराव म्हणाले, आणि जीप उचलली गेली.

ती घराच्या पत्र्यांच्याही वर गेली. खाली पिंकी उताणी पडून फोटो काढत होती. वरून दिसणारं दृश्य टिपायला धम्मरत्नाचा ड्रोन जीपभोवती घोंगावत फिरत होता. नको नको म्हणता तोही या कामात ओढला गेला होता. शेषरावांनी किल्ली फिरवली. किती महिन्यांनी इंजिन गुरगुरलं, चाकं हवेत गरागरा फिरू लागली. त्यांनी हॉर्नवर हात ठेवला आणि त्यांना स्वतःलाही कळायच्या आत त्यांच्या तोंडून जुनी आरोळी बाहेर पडली, "जऊळका-शेलू! जऊळका-शेलू! चला बसा!"

नेमकं त्याच वेळी किशनच्या क्रेनचं इंजिन बंद पडलं.

समोर हायवे होता. क्रेन, तिचा दांडा आणि तिचे पट्टे हे सगळं कडुनिंबाच्या दाट झाडाआड होतं. हायवेवरून दिसत होती ती फक्त घराच्या वर हवेत उभी असलेली एक काळीपिवळी, तिची फिरती चाकं, तिच्याभोवती फिरणारं एक छोटं यंत्र आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून गिऱ्हाइकं बोलावणारे शेषराव. एक बस थांबली. दोन ट्रॅक्टर थांबले. एक मोटरसायकलवाला वर बघता बघता नालीत उतरला. किशनला क्रेन पुन्हा सुरू करायला बराच वेळ लागला आणि शेषराव खाली टेकण्याआधी बातमी शेलूबाजारला जाऊन पोचली होती.

दुसऱ्या दिवशी भागिरथाबाई अंगण झाडायला बाहेर आल्या तर जीपच्या खिडक्यांतून सीटांवर रुमाल, टॉवेल आणि एक शेंगदाण्याची पिशवी टाकलेली होती. जागा धरल्या गेल्या होत्या. अंगणात माणसं उकिडवी बसली होती. शेषराव तोंड धुऊन ओसरीवर आले तसे मारोतराव मास्तर उठून पुढं झाले. त्यांच्यामागं शेलूबाजारची सातआठ माणसं होती.

"शेषराव, आमी काई भांडाले आलो नाई. एकच इचारतो. शेलूबाजारले थांबा हाय का नाई?"

"कायचा थांबा?"

"इमानाचा. तुमी वरून जाऊन राह्यले म्हने. वरून गेलं का मंधातल्या गावाइले कोन पुसते? हायवेचा बायपास झाला तवाच आमी समजलो व्हतो."

दुसऱ्या बाजूनं भिवाजी पुढं आले. "शेलूच्या आंधी जऊळका येते. आमच्या गावात रेल्वे थांबते. रेल्वे थांबते तिथं इमान थांबत नाई, हा कुठचा न्याय हाय?"

"रेल्वे हाय तर बसा ना रेल्वेत!" मास्तर म्हणाले.

शेषरावांनी दोन्ही हात वर केले. "अरे बापा, गाडी खरी उडत नाई! थे क्रेन व्हती. किशनची. गाडी कॉम्प्युटरमंधी उडनार हाय."

अंगणानं यावर विचार केला.

"म्हंजे बुकिंग कॉम्प्युटरवर," भिवाजी मागच्यांना म्हणाले. मागच्यांनी माना डोलावल्या.

आता धम्मरत्नाचा संयम संपला. तो बाजेवर चढला आणि ओरडून म्हणाला, "काका, खेळ हाय तो! कॉम्प्युटरमंधला खेळ! खरं काईच नाई!"

"पोरा," मारोतराव मास्तर शांतपणे म्हणाले, "सातबारा बी कॉम्प्युटरमंधी हाय. मंग वावर खरं नाई काय?"

धम्मरत्न बाजेवरून खाली उतरला.

दिवसभर माणसं येत राहिली. खरं सांगायचा शेषरावांनी प्रामाणिक प्रयत्न केला, पण प्रत्येक खऱ्या गोष्टीचा नवाच अर्थ निघू लागला. ते म्हणाले, माणूस वर जाणार नाही, फोटो जाणार. लोक म्हणाले, बरोबर, बाहेर देशात आधी फोटो पाठवावाच लागतो. ते म्हणाले, हे सगळं जर्मनीत तयार होऊन राह्यलं. लोक म्हणाले, मग माल मजबूत असणार. चतुराबाईंनी विचारलं, "कोंबड्याचं तिकीट लागन काय?" आणि शेषराव इतके थकले होते की ते म्हणाले, "नाई लागत."

हे ऐकून लोकांच्या मनातली उरलीसुरली शंकाही फिटली.

दुपारी पोलीस ठाण्यातून एक जमादार आले. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं आणि कागद मागितले.

"कागद संपले साहेब," शेषराव म्हणाले.

"मंग हे गाडी रस्त्यावर आनता येनार नाई."

"रस्त्यावर नाईच आनत साहेब."

"हां." जमादारांनी वर आभाळाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "वरचं आमच्या हद्दीत येत नाई," ते शेवटी म्हणाले. मग शेषरावांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "माही बहीन रिसोडले असते. तिकडं न्यायचा काई इचार?"

आणि गुरुवार आला. लखीराम भंगारवाला ट्रॅक्टर घेऊन फाटकातून आत शिरला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो आठवडाभर मेहकरकडे होता. त्यानं दोर काढला आणि जीपच्या पुढच्या बंपरला बांधायला वाकला. क्षणात त्याच्याभोवती कडं पडलं.

"काय करून राह्यला रे?"

"गाडी नेतो. भंगारात."

"इमान भंगारात?" भिवाजी गरजले.

"आमच्या गावाचे रुमाल हायेत आत!" मास्तर ओरडले.

एरवी शेलूबाजार आणि जऊळका यांचं एका चहावरही जमलं नसतं. पण त्या दिवशी दोन्ही गावांनी मिळून लखीरामचा ट्रॅक्टर हातानं ढकलत फाटकाबाहेर नेला. लखीराम स्टिअरिंगवर बसून, "पन मले सांगा तरी!" असं म्हणत मागं मागं जात राहिला. जीपच्या राखणीला पाळीनं माणसं बसायला लागली. धम्मरत्नाचा पिकअप रस्त्यावरच उभा होता. तो आईला म्हणाला, "आता त्या गाडीले कोनीच हात लावू शकत नाई. बाबाचं साधलं."

पण शेषरावांना आनंद झाला नव्हता. ते जेवत नव्हते. रात्री भागिरथाबाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "हयातीत कोन्या पॅसेंजरले खोटं बोललो नाई वं. उशीर होईन तं होईन म्हनलं. आता हे मानसं रुमाल टाकून बसले. याइले कुठी नेऊ मी?"

सकाळी भागिरथाबाई बराच वेळ पिंकीच्या खोलीत होत्या.

थेओचा निरोप आला. काळीपिवळी तयार झाली होती.

शेषरावांनी ठरवलं की झाकून काही ठेवायचं नाही. त्यांनी घरातला टीव्ही बाहेर काढून ओसरीवर ठेवला, कॉम्प्युटर त्याला जोडायला लावला आणि सगळ्यांना निरोप धाडले. बघा, हे असं आहे, म्हणायचं. मारायचं तर मारा. दुपारच्या कलत्या उन्हात अंगण भरलं. खताच्या पोत्यांवर, बाजेवर, जीपच्या टपावर माणसं बसली. जमादारही साध्या कपड्यांत आले होते आणि आपण आलोच नाही अशा चेहऱ्यानं मागं उभे होते.

पडद्यावर हिरवंगार कुरण दिसलं. मधोमध काळीपिवळी उभी होती. तिला दोन्ही बाजूंनी पिवळे पंख होते. आरसा नवा होता. आणि आत, थेओनं फोटोत होती तशी, माणसं बसवली होती.

"थो मी!" भिवाजी ताडकन उठले. "डायव्हरपाशी! मीच हाव थो!"

अंगणात एकच गलका झाला. प्रत्येक जण स्वतःला शोधू लागला. शेषरावांनी रिमोट घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले, "बाप्पाहो, मले सांगायचं हाय का हे फक्त..."

"सांगसान मंग! आंधी चालवा!"

शेषरावांनी दांडी पुढं ढकलली. इंजिन गुरगुरलं, तेच, त्यांच्याच गाडीचं. पण गाडी हलली नाही. त्यांनी पुन्हा ढकलली. इंजिन वाढलं, बंद झालं, पुन्हा सुरू झालं. गाडी दोन हात पुढं सरकली आणि दोन हात मागं आली.

"बिघाडली!" कुणीतरी म्हणालं.

"बिघाडली नाई," मारोतराव मास्तरांनी माणसं मोजली. "अठराच हायेत. एक कमी हाय."

अंगणातले लोक समजुतीनं हसले. असं तर नेहमीच व्हायचं. मग सगळे मिळून त्या परक्या कुरणावर उरलेल्या माणसाची वाट बघू लागले. दोघांनी बिड्या पेटवल्या. कुणी म्हणालं, "कोन राह्यलं बे?" बऱ्याच वेळानं कुरणाच्या टोकाशी एक ठिपका दिसला. तो हलत हलत जवळ आला. डोक्यावर पदर होता. हातात डालगी होती.

"चतुराबाई!" अंगण ओरडलं. "अवो पाय उचला! गाडी खोळंबली!"

खऱ्या चतुराबाई बाजेवर बसल्या होत्या. त्या पडद्याकडे बघून चिडून म्हणाल्या, "आली ना बापा! डालगी जड हाय!" पडद्यावरच्या चतुराबाई आत शिरल्या, कोंबड्यांचा कलकलाट झाला, आणि काळीपिवळी निघाली. कुरणावरून धडधडत गेली आणि वर उठली.

गाडी डावीकडे ओढत होती, तिसरा गिअर पडताना हिसका देत होती. शेषरावांनी एकूण एक खोड लिहून पाठवली होती आणि थेओनं एकही सोडली नव्हती. दुसऱ्याच हिसक्याला मागच्या फळीवरचा एक माणूस सुटला, हवेत दोन कोलांट्या खाऊन कुरणात पडला.

"मीच पडलो!" मारोतराव मास्तर उभे राहिले. "शेलूवाल्यालेच पाडलं! मले माहीत व्हतं!"

"तुमी धरून नसान," भिवाजी म्हणाले.

"मी ह्या गाडीले कितीक वर्सं लटकलो, कदी सुटलो काय?"

शेलूबाजारची माणसं उठली. जऊळक्याची उठली. कुणीतरी खताचं पोतं उचललं. तेवढ्यात पडद्यावरच्या मास्तरांनी उठून धोतर झटकलं, कुरणाच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि हात दाखवला.

जन्मभर रस्त्याकडेला हात दिसला की शेषरावांचा पाय आपोआप ब्रेकवर जात असे. त्यांनी काहीच विचार केला नाही. काळीपिवळी आभाळातच वळवली, खाली आणली, इतकी अलगद की ती गवताला टेकली न टेकली, आणि मास्तर फळीवर चढले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर डोळे पुसत खाली बसले. "थांबा देल्ला," ते शेजारच्याला म्हणाले. "शेलूले थांबा देल्ला."

"अन् जऊळका?" भिवाजींनी विचारलं. मग शेषरावांनी जऊळक्यालाही एकदा टेकवली. जमादार मागून खाकरले, तेव्हा रिसोडलाही.

शेवटी गाडी उतरली. आता ती वेळ आली होती. शेषराव उभे राहिले.

"तर बाप्पाहो, हे असं हाय. एवढंच हाय. खरी गाडी काई उडत नाई. माफ करा."

चतुराबाई बाजेवरून हळूहळू उठल्या. "मले वाटलं चक्कर येईन," त्या म्हणाल्या. "नाई आली. कोंबड्या बी नाई भ्याल्या." त्यांनी समाधानानं पदर सारखा केला. "झालं माहं इमानात बसनं," असं म्हणून त्या घरी गेल्या. मग एकेक जण जीपपाशी गेला आणि आपापला रुमाल काढून घेऊन निघाला. प्रवास संपल्यावर उतरतात तसे. दोघांनी ड्रायव्हरला हात केला.

लखीराम पुढच्या गुरुवारी भीत भीत आला. या वेळी शेषराव स्वतःच त्याला दोर बांधू लागले. जीप फाटकाबाहेर गेली तेव्हा त्यांनी बोनेटवर एकदा थाप मारली. घरात ओसरीवर दहाबारा माणसं पाळी लावून उडवायला बसली होती, पण कुणी मान वर करून बघितलं नाही. धम्मरत्नानं पिकअप आत घेतला.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर शेषराव टीव्हीसमोर बसले. सिम्युलेटर उघडला तर पडद्यावर निरोप होता: काळीपिवळीत सुधारणा झाली आहे. त्यांनी गाडी निवडली. गाडी तीच होती, पंख तेच होते. पण काहीतरी वेगळं होतं. त्यांनी चष्मा पुसून जवळ जाऊन बघितलं.

ड्रायव्हरच्या जागेवर हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली होती. भिवाजी नेहमीच्या जागेवर, पण अंग चोरून. आणि मागच्या फळीवर, मारोतराव मास्तरांच्या शेजारी, एका हातानं लटकलेला माणूस शेषराव स्वतः होते.

"पिंकी!" ते ओरडले. "हे काय हाय? कोनं सांगतलं थेओले?"

"आईनं," आतून पिंकी म्हणाली. "फोटू बी तिनंच निवडला."

भागिरथाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "इतकी वर्सं घरात गाडी व्हती," त्या म्हणाल्या, "समोर बसाले कदी जागा भेटली नाई. तिथं कायम पॅसेंजर. म्हनलं, आपनबी थेओले मागून पाहावं." त्यांनी शेषरावांच्या हातातून रिमोट घेतला आणि त्यांना खांद्यानं हलकेच ढकललं. "सरका मांगं."

शेषराव खुर्चीवरून उठले आणि मागं जाऊन उभे राहिले. भागिरथाबाईंनी दांडी पुढं ढकलली. गाडी भरलेली होती. ती लगेच निघाली.